ईशान्य कोपऱ्यातला सेल

भीमपूरच्या रस्त्यावर एक जिनिंग मिल आहे. तिच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला जमिनीच्या बरोबरीनं बसवलेला एक लोखंडी पाट दिसतो, अख्खा ट्रक उभा राहील एवढा लांब. त्याला सगळेच काटा म्हणतात, मराठी शेतकरीही आणि तेलुगू ड्रायव्हरही. पाटाला लागून एक खोली, खोलीला मोठी काच, आणि काचेच्या वर लाल आकड्यांची पाटी. त्या खोलीत बसणारा माणूस म्हणजे लक्ष्मणराव. त्यांचं आडनाव आता गावातही कुणी घेत नाही. काटेवाले लक्ष्मणराव म्हटलं की झालं.

रोज सकाळी पहिली गाडी यायच्या आधी लक्ष्मणराव चपला काढून काट्यावर चढत. चारी कोपऱ्यांवर आळीपाळीनं उभे राहत आणि मान वळवून पाटीकडं बघत. त्यांचं वजन पासष्ट. चारी कोपऱ्यांत पासष्टच आलं आणि उतरल्यावर शून्य आलं, की काटा खरा. मिलमध्ये तपासणीची वजनं नव्हती असं नाही, पण ती कुलपात असत आणि त्यांची किल्ली मॅनेजरकडं असे. "माह्या आंगाएवढं सोपं माप नाई," लक्ष्मणराव म्हणत, "फक्त दिवाळीचे आठ दिवस सोडून."

नवरात्र सरता सरता एका सकाळी तीन कोपऱ्यांत पासष्ट आलं. चौथ्या, ईशान्येच्या कोपऱ्यात सत्तर. लक्ष्मणरावांनी पाय हलवून पाहिले, श्वास सोडून पाहिला. सत्तरच. ते खाली उतरले. पाटीवर पाच राहिले.

ते थांबले. एखादं कुत्रं पाटाखाली शिरलं असेल म्हणून वाकून पाहिलं, पलीकडच्या टोकाला कुणी काही ठेवलं का पाहिलं. काही नव्हतं. माणूस उतरून गेला होता आणि पाच किलो मागं राहून गेले होते. मग त्यांनी खोलीत जाऊन शून्याचं बटण दाबलं, चपला घातल्या आणि कुणाला काही सांगितलं नाही.

न सांगण्याला कारण होतं. मॅनेजर सुधाकररावांनी पोळ्यालाच बजावलं होतं, "नवा काटा मागवलाय. जुन्यावर आता एक रुपया घालायचा नाही. पाटाखालचा एखादा सेल गेला तर दुरुस्ती नको, पाट उचलून भंगारात टाकू. दसऱ्याला कापूस-खरेदीचा मुहूर्त रस्त्यावरच्या धर्मकाट्यावर करू." आणि त्याच आठवड्यात हैदराबादहून रुपाचा फोन आला होता.

"बाबा, दसऱ्याले येतो आमी. अनुपले काट्यावर उभं करायचं हाय. मायनं मले करे तसं. काटा हाय ना?"

"काटा कुठं जाते बाप्पा," लक्ष्मणराव म्हणाले होते.

रुपा त्यांची एकुलती एक. एका मोठ्या दवाखान्यात नर्स. तिची आई रेणुकाबाई गेली तेव्हा रुपा आली होती, पोटात अनुप होता. त्यानंतर तिचं येणं झालं नाही. कधी लेकराचं दूध, कधी रात्रपाळी, कधी सासरचं लग्न. लक्ष्मणराव बारशाला जाऊन आले, तेव्हा अनुप हातभर होता आणि त्याला उचलायला बाया रांगेत उभ्या होत्या. पुढं तो फोनच्या काचेतच वाढला. एकदा पाहावं तर पालथा पडलेला, पुढच्या खेपेला पाहावं तर भिंत धरून उभा. मधलं काही दिसलंच नाही.

तसा तो काटाही मधलं दाखवत नसे. कापसाच्या ट्रकसाठी केलेलं यंत्र ते. पाच-पाच किलोंच्या उड्या मारी. रुपा लहान असताना दसऱ्याच्या पूजेनंतर रेणुकाबाई तिला ईशान्येच्या कोपऱ्यात उभी करी, आणि काचेतून लक्ष्मणराव ओरडून सांगत, "पंधरा." पुढच्या दसऱ्यालाही पंधरा. पोरगी रडकुंडीला आली. तिच्या जोडीची मुलगी शाळेच्या काट्यावर सतरा भरली होती. तिसऱ्या दसऱ्याला पाटीवर एकदम वीस आले, आणि ते खरं वाटेना म्हणून रेणुकाबाईनं तिच्या झग्याच्या खिशात हात घातला. दोन्ही खिशांतून रुळाजवळची खडी निघाली.

"वजन चोरते का वं, पोट्टे?" रेणुकाबाई म्हणाली.

"चोरत नाई, घालून राह्यली," रुपा म्हणाली. ते उत्तर मिलभर झालं. अजूनही कुणी ओला कापूस घेऊन आलं की हमाल म्हणतात, घालून राह्यला का?

काट्याच्या पोटात काय असतं, हे लक्ष्मणरावांना पहिल्या फिटरनं समजावलं होतं. पाटाच्या खाली, कोपऱ्याकोपऱ्यात आणि मधोमध, लोखंडाचे जाड ठोकळे बसवलेले असतात. त्यांना सेल म्हणायचं. वजन आलं की ठोकळा केसाएवढा वाकतो, त्याला आतून चिकटवलेली नाजूक तार ताणली जाते, आणि त्या ताणाचा आकडा पाटीवर येतो. वजन गेलं की ठोकळा पुन्हा होता तसा. "परत जागेवर येनं हेच त्याचं काम," फिटर म्हणाला होता. "जवापर्यंत येते, तवापर्यंत जित्ता."

"किती वर्सं येते?"

"कंपनी म्हनते दहा-बारा. मी वीस वर्सं चाललेला बी पाह्यला, आन एका पानकाळ्यात गेलेला बी. सेल वजनानं कमी मरते, मामा. हलगर्जीनं जास्ती मरते."

पुढच्या वर्षांत लक्ष्मणरावांनी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं. एका वैशाखात वीज पडली ती लिंबावर, पण तारेतून आत शिरून मधला सेल जाळून गेली, आणि पाटाला साधा डागही नाही. एकदा वेल्डर आला पाटाची कड जोडायला. त्यानं अर्थिंगची तार कुठंतरी लांब फाटकाला लावली आणि इकडं ठिणग्या पाडल्या. सगळा करंट सेलांच्या अंगातून गेला. पाटी त्या दिवसापासून वेड्यासारखी आकडे बदलत राहिली, ती नवा सेल येईस्तोवर. उंदरांनी तारा खाल्ल्या. भरधाव येऊन पाटावर करकचून ब्रेक मारणाऱ्या ड्रायव्हरांशी तर लक्ष्मणरावांचं कायमचं वाकडं. "अरे, ते काय तुह्या सासऱ्याचं आंगन हाय का?" असं ते खिडकीतून म्हणत, आणि तेलुगू ड्रायव्हर "सरे, सरे", म्हणजे बरं बरं, म्हणत पुढच्या खेपेला तसाच येई.

पण ईशान्येच्या कोपऱ्याची गोष्ट निराळी होती. तिथं वीज पडली नव्हती, वेल्डिंग झालं नव्हतं, गाड्यांची धावही त्या टोकाला नव्हती. बाकी कोपऱ्यांतले जुने सेल तसेच चालत होते, आणि इथला मात्र दर तीन-चार वर्षांनी जाई. मिलमध्ये बोलणं झालं. कुणी म्हणालं जागेत दोष आहे, कुणी म्हणालं खाली जुनं थडगं असेल. रेणुकाबाई असल्या बोलण्याला भीक घालत नसे, पण तिनं नारळ वाढवला.

नारळ आधीपासून होताच. काटा बसला त्या वर्षी, दसऱ्याला, तिनंच तो सुरू केला. ईशान्य देवाची दिशा म्हणून तो कोपरा. डबा घेऊन ती आली होती, हमालांनी हळदकुंकू मागितलं, आणि तिनं नारळ फोडून सगळं पाणी पाटावर सोडलं, वरून तांब्याभर साधं पाणी. लक्ष्मणराव म्हणाले, "थोडं शितड ना, सगळं काऊन ओतते?" त्यावर ती म्हणाली, "एवढ्या लोकायचं वजन आंगावर घेते ते. त्याले कोनी पानी तरी इचारलं का?"

मग दर दसऱ्याला नारळ. पहिला सेल गेल्यावर हंगामातल्या दर अवसेला नारळ. दुसरा गेल्यावर एकाचे दोन. ती गेल्यावर लक्ष्मणरावांनी त्यात खंड पडू दिला नाही. पूजेतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण तांब्या तिच्यासारखाच, उजव्या हाताचा आंगठा काठावर ठेवून, शेवटच्या थेंबापर्यंत ते रिता करत. अवसेची ती सकाळ त्यांना आवडे. तेवढा वेळ ती पाठीशी उभी राहून "अजून हाय तांब्यात" म्हणते असं वाटे.

पाच किलो मागं राहिले त्यानंतर दोन गाड्या आल्या, सरकी न्यायला. लक्ष्मणरावांनी "करंट नाई" असं खोटंच सांगून त्या रस्त्यावरच्या काट्याकडं पाठवल्या. खोट्या काट्यावर तोलणं त्यांच्यानं झालं नसतं. आणि मग त्यांनी हर्षदीपला फोन लावला.

हर्षदीप आदिलाबादला राहायचा, चहूकडच्या मिलांचे आणि गिरण्यांचे काटे बघायचा. वडील शाळामास्तर, हा मोटारसायकलच्या मागं हत्यारांची पेटी बांधून फिरणारा. लक्ष्मणरावांना काका म्हणे.

"दसऱ्याच्या आंगावर काम काढलं, काका," तो आल्या आल्या म्हणाला. "मी नागपूरले जातो ना दीक्षाभूमीवर, सारं घर घेऊन. आता दोनच दिस हायेत."

"म्हनून तं आज बलावलं. आन हे पाय, सुधाकररावाले इतक्यात बोलू नको."

"काऊन?"

लक्ष्मणरावांनी रुपाचं सांगितलं. हर्षदीपनं शर्ट काढून खुंटीला लावला आणि ईशान्येच्या कोपऱ्यातलं झाकण उचलून खड्ड्यात उतरला. थोड्या वेळानं आतून शिवी ऐकू आली, मग फटाफटा अंग झाडल्याचा आवाज.

"काय झालं?"

"मुंग्या. काका, तुमी खालीच या. वरून सांगून समजनार नाई."

लक्ष्मणराव गुडघे धरत उतरले. हर्षदीपनं टॉर्च धरला. सेलच्या बुडाशी नारळाच्या शेंड्या कुजून काळ्या गादीसारख्या बसल्या होत्या. करवंटीचे तुकडे होते. ठोकळ्यावर वरून खाली हळदीचा पिवळा ओघळ वाळून कडक झाला होता, आणि त्या ओघळाच्या वाटेनंच काळ्या मुंग्यांची रांग तार जिथं आत जाते त्या रबरापर्यंत गेली होती. रबर कुरतडलेलं. तारेवर हिरवा गंज चढलेला. मुंग्यांची पांढरी अंडीही तिथंच होती.

"बाकी कोपरे पाह्यले मी," हर्षदीप म्हणाला. "कोरडे ठन्न हायेत. पाटाले ढाळ इकडं हाय, आन झाकन बी इथंच. काका, राग नाई ना येनार?"

"सांग."

"नारळानं मारलं याले."

लक्ष्मणरावांनी त्याच्याकडं पाहिलं.

"नारळाचं पानी गोडही असते, खारटही असते. गोडासाठी मुंग्या आल्या, त्यायनं रबर खाल्लं. मंग त्याच भोकातून खारं पानी आत गेलं. आतली तार किती बारीक असते ते तुमाले माईत हाय. वजन काय, कितीबी टाका, याले काई होत नाई. पन पानी आत बसलं की हा जागेवर येनं इसरते."

"आधीचे सारे?"

"आधीचे बी असेच गेले असन. माह्याआधी जे येत, ते नुसता सेल बदलून जात. खाली बसून कोन पायते?"

लक्ष्मणराव खड्ड्यातच एका दगडावर टेकले. त्यांनी नखानं तो पिवळा ओघळ खरवडून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजे सेल गेला म्हनून आमी नारळ वाढवला, आन नारळ वाढवला म्हनून सेल गेला."

हर्षदीपला हसू आलं, पण त्यानं ते टॉर्चच्या बटणात लपवलं.

"तुमच्यात नारळ नाई ना फोडत," लक्ष्मणराव म्हणाले, "म्हनून तुले बरोबर दिसलं."

"नाई काका. मले मुंग्या चावल्या, म्हनून दिसलं."

मग त्यानं सगळं उपसलं. शेंड्या, करवंट्या, माती, पाटीभर निघाली. सेल पुसून काढला, जवळ पिवळा दिवा लावून दुपारपर्यंत शेकला, कुरतडलेलं रबर काढून नवं चढवलं आणि तारेच्या तोंडाशी डिंकासारखं काहीतरी चांगलं जाडसर भरलं. मॅनेजरकडून किल्ली आणून वजनं बाहेर काढली, सुधाकररावांना "नेहमीची तपासनी" असं सांगितलं. वजनं ठेवून, उचलून, पुन्हा ठेवून पाहिली. ऊन तापलं होतं, आकडे सरळ येत होते.

"बरा झाला?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"बरा नाई म्हनत मी. आत गेलेलं पानी पुरं कधीच निघत नाई. उन्हात नीट वागन, दवात रुसन. दोन महिने काढन का दोन वर्सं, हे कोनी सांगनार नाई. रोज वजन ठेवून पायजा, आन खोटा दिसला की लगेच बंद करजा. कास्तकाराचा माल हाय." पेटी बांधता बांधता तो थांबला. "दसऱ्यापर्यंत तं जाईन असं वाटते. पन नारळ नाई बरं. एक थेंब नाई."

तो गेल्यावर लक्ष्मणरावांनी झाकणाच्या चारी कडांना रबराची पट्टी दाबली. गटार मोकळं केलं. मुंग्यांच्या वाटेवर तंबाखूची भुकटी टाकली. पाणी प्यायला तांब्या उचलला, आणि नेमका आंगठा काठावर गेला. तो तांब्या तसाच हातात धरून ते उभे राहिले. पाणी विचारायचं नाही, असं आता त्यांना या कोपऱ्याशी वागायचं होतं. रेणुकाबाईला कुठल्या तोंडानं सांगणार, की तुझ्याच तांब्यानं झालं? ती असती तर आधी भांडली असती. मग ओचा खोचून खड्ड्यात उतरली असती, शेंड्या मोजून आली असती, आणि वर येऊन म्हणाली असती, "मंग एवढे दिवस त्यानं सांगतलं काऊन नाई?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी रुपाचा फोन आला नाही. लक्ष्मणरावांना वाटलं, सामान बांधत असेल. त्यांनी घर सारवून घेतलं, शेजारणीकडून दूध सांगून ठेवलं.

दसऱ्याला मिल झाडूनपुसून उभी होती. काट्याला झेंडूच्या माळा, जिनांच्या, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या, पट्ट्यांना हळदकुंकू. मुहूर्ताचा पहिला ट्रॅक्टर फाटकात आला, शिंगांसारखे केळीचे दोन खुंट बांधलेला. कापूस वेचून साफ करणाऱ्या बायांची म्होरकी तुळजाबाई ताट घेऊन सवयीनं ईशान्येच्या कोपऱ्याकडं निघाली.

"तुळजाबाई, तिकडं नाई," लक्ष्मणराव म्हणाले. "नारळ इकडं, खोलीच्या पायरीवर."

"काऊन हो? काट्याले उपास धरला का यंदा?"

हमाल हसले. सुधाकरराव पुढं आले. "लक्ष्मणराव, काय हे? वर्षानुवर्षाची रीत आहे. वहिनींनी घालून दिलेली."

लक्ष्मणरावांनी त्यांच्याकडं न बघता झेंडूची माळ सरळ केली. "काट्याले साखरेचा आजार झाला, साहेब. हर्षदीप डॉक्टरनं नारळपानी बंद केलं."

त्यावर हसणारे हसले, पण तुळजाबाई हसली नाही. तिनं लक्ष्मणरावांच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि ताट पायरीवर ठेवलं. "असू द्या," ती म्हणाली, "देव काय कोपऱ्यातच बसून राह्यते?" नारळ पायरीवर फुटला. पाणी दगडावरून मातीत गेलं. लक्ष्मणरावांनी तोंड फिरवून घेतलं.

ट्रॅक्टर तोलला, कापूस उतरला, जिनं सुरू झाली. सकाळी त्यांनी किल्ली मागून कुलपातली वजनं ठेवून पाहिली होती आणि आकडा खरा होता. आता फक्त रस्त्याकडं बघायचं राहिलं होतं. आदिलाबादहून येणारी प्रत्येक ऑटो फाटकाशी थोडी हळू होतेय असं वाटे आणि पुढं निघून जाई.

फोन वाजला तेव्हा जिनांचा आवाज एवढा होता की ते काच लावून आत बसले.

"बाबा," रुपा म्हणाली.

"कुठवर आली?"

"आलीच नाई, बाबा. डेंगूचे पेशंट भरून राह्यले, जागा नाई वार्डात. परवा सुट्ट्या काढून घेतल्या साऱ्यायच्या. काल रात्रीच सांगनार होती, पन जीव नाई झाला."

लक्ष्मणरावांनी समोरच्या पाटावर वाळत चाललेल्या झेंडूकडं पाहिलं. "बरं," ते म्हणाले. "पेशंट म्हंजे पेशंट. जेवली का तू?"

"तुमी काटा ठेवला का पन?"

"ठेवला ना. चांगला करून ठेवला."

तिकडं मागं कुठंतरी लेकरू काहीतरी आपटत होतं.

"तो काय करून राह्यला?"

"डब्याचं झाकन वाजवून राह्यला. बाबा, सक्रातीले येतो. यावेळेस पक्कं."

"ये." मग त्यांना सुचलं. "रुपा, किती झाला तो?"

"कालच दवाखान्यात केलं वजन. अकरा किलो चारशे."

लक्ष्मणरावांनी आकडा पुन्हा म्हणून पाहिला. अकरा, चारशे. आयुष्यभर पाच-पाचच्या उड्या वाचणाऱ्या माणसाला लेकराचं वजन असं ग्रामापर्यंत ऐकताना कसंसं झालं. हा आकडा या काट्यावर कधी उमटलाच नसता. तो दहा म्हणाला असता आणि वरचं गिळून बसला असता.

दुपारी मुहूर्ताच्या कापसाची सरकी पडू लागली होती. जिनाखालून निघालेली सरकी गरम असते, वर बारीक लव असते. लक्ष्मणराव ढिगाशी गेले, एक धुतलेली गोणी घेतली, आणि गोदामातल्या छोट्या तराजूवर मूठमूठ घालत-काढत बसले. तुळजाबाई समोरच कापसातला कचरा वेचत होती.

"गाय घेतली का हो?"

"नाई."

"मंग सरकी कोनाले?"

लक्ष्मणरावांनी शेवटची चिमूट काढून टाकली. अकरा चारशे. गोणीचं तोंड सुतळीनं बांधलं, दोन्ही हातांनी उचलून खांद्याशी धरली आणि बाहेर पडले. गोणी आधी कडक वाटली. मग चालता चालता आतली सरकी सरकली, खाली बसली, आणि सगळा भार त्यांच्या हातावर टेकून, मान टाकल्यासारखा खांद्यावर आला. अंगाला उबारा लागत होता. रुपा अशीच झोपायची, हंगामाच्या दिवसांत रेणुकाबाई तिला खोलीत आणून सोडायची तेव्हा.

चपला काढून ते काट्यावर चढले. ईशान्येच्या कोपऱ्यात गेले. मान वळवली. पंच्याहत्तर. पासष्ट त्यांचे, दहा त्याचे, बाकीचं काट्यानं पोटात ठेवलं.

ते किती वेळ उभे होते कोण जाणे. ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं, दुसरी गाडी अजून यायची होती. मग सावकाश, एक पाय, दुसरा पाय, असे ते खाली उतरले आणि पाटीकडं पाहिलं.

शून्य.

सरळ शून्य. काही मागं राहिलं नाही. दोन दिवस याच शून्यासाठी ते मुंग्या हाकत बसले होते, आणि आज ते आलं तर लक्ष्मणरावांना वाटलं, एखादा पाच राहिला असता तर काय बिघडलं असतं.

"कोनाले तोलून राह्यले?" तुळजाबाई हात झटकत मागं येऊन उभी होती.

"नातवाले."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं, गोणीकडं पाहिलं. पदर खोचला. "द्या इकडं, पाहू केवढा झाला." आणि गोणी घेऊन तिनं सरळ कडेवर मारली, जशी बाया मारतात, कंबर एका बाजूला काढून. दोन पावलं इकडं, दोन पावलं तिकडं केली. "भारी हाय बाप्पा. खाते पोट्टं. मायवर गेलं वाटते."

"मायवर नाई," लक्ष्मणराव म्हणाले, "ते खडी घालून भरे."

तुळजाबाई खळखळून हसली, आणि लक्ष्मणरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं. गोणी तिनं खाली ठेवली नाही. ढिगापर्यंत कडेवरच नेली.

संध्याकाळी सुधाकरराव खोलीत आले. "काटा आज सरळ चालला. हर्षदीप काहीतरी करून गेलेला दिसतोय."

"हो."

"नव्याचं सामान उशिरा येणार म्हणतात. हा चालतोय तोवर चालवू. दिवाळी, संक्रांत, जिथवर जाईल तिथवर."

"मी नेतो ना तिथवर," लक्ष्मणराव म्हणाले. मग म्हणाले, "पन रोज सकाळी वजनं पाह्यजे, साहेब. माह्या आंगाच्या भरवशावर नाई आता. किल्ली माह्यापाशी द्या."

सुधाकररावांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली.

जिनं थांबली तशी मिल एकदम मोठी वाटायला लागली. बाहेर पोरं एकमेकांना सोनं देत फिरत होती, कुणीतरी जम्मीची, म्हणजे शमीची, चार पानं लक्ष्मणरावांच्याही हातात ठेवून गेलं. ती त्यांनी खिशात घातली. फुटलेला नारळ पायरीवर तसाच होता. एक वाटी त्यांनी तुळजाबाईला दिली, दुसरी गुळासोबत खायला घरी न्यायला उपरण्यात बांधली. रेणुकाबाई तसंच करायची.

आता दसऱ्यापासून दव पडायला लागतं. पहाटे लोखंड ओलं होऊन जातं, हात लावला तर पाणी सुटतं. लक्ष्मणरावांनी गोदामातून जुनी ताडपत्री ओढत आणली, ईशान्येच्या कोपऱ्यावर दुहेरी घडी करून घातली, आणि कडांवर विटा ठेवल्या. एक वीट नीट बसेना. ती काढून त्यांनी दुसरी ठेवली, हातानं दाबून पाहिली, आणि मग घराकडं निघाले.